रिकाम्या प्लॉटातले बेडूक: प्लॉट अर्धे उरले, मग बेडूक पावच काहून?

बेसा_रोडवाला | १६ जून, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. हा धागा गणितात टाकू की निसर्गात ते कळेना म्हणून गप्पांमधेच टाकून राहिलो, ॲडमिनला वाटलं तर हलवा.

तर झालं असं की आमचे सासरे आमच्याकडेच राहतात आणि त्यांना रात्री झोप येत नाही. आम्ही या लेआऊटमधे राहायला आलो तेव्हा आजूबाजूला नुसते रिकामे प्लॉट, गाजरगवत, आणि पहिला जोरदार पाऊस झाला की चारी बाजूंनी डराव डराव. बाबा गॅलरीत बसून कोणत्या प्लॉटातून आवाज येतो ते कालनिर्णयच्या मागच्या बाजूला, दुधाच्या हिशोबाखाली, पेन्सिलने लिहून ठेवायचे. का लिहायचे ते त्यांनाही सांगता येत नाही. बरीच वर्षं लिहिलंय. आज पाऊस आला, मी ती सगळी कॅलेंडरं काढली आणि दोन गोष्टी दिसल्या.

एक म्हणजे तोच प्लॉट दरवर्षी बोलत नाही. आमच्या समोरचा दोन वर्षं गप्प होता, मग परत सुरू. कोपऱ्यावरचा उलटा, सुरू होता तो बंद पडला, आणि तिथे काही बांधलंही नाही.

दुसरी गोष्ट जास्त छळून राहिली. लेआऊटमधल्या साधारण अर्ध्या प्लॉटांवर घरं झाली, म्हणजे अर्धे अजून तसेच आहेत, खड्डे पण आहेत आणि पाणी पण साचतं (सिमेंट रोड इतके उंच झाले की आता जास्तच साचतं). मग बेडूकवाले प्लॉटही अर्धे उरायला पाहिजेत ना? बाबांच्या खुणा बघितल्या तर पाव पण धड नाहीत. मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतो, त्रैराशिकाने हे बसत नाही. कोणाला काही सुचतंय का?

तर्रीपोहा | १६ जून, रात्री ११:५८

सर, बेडकांनीपण फ्लॅट घेतला असंल मनीषनगरात 😂

जोक सोडा, तुमच्या बाबांले साष्टांग. कॅलेंडरं फेकू नका म्हणा. मी उद्या ऑफिसातून नीट वाचतो, इथं लाईट जाऊन येऊन राहिली.

लेआऊटदादा | १७ जून, सकाळी ८:०५

प्लॉट रिकामा ठेवला की हेच. डबकी, मच्छर, डेंगू. लोकांनी लवकर बांधकाम करावं, बेडकांचे गणित करत बसू नये. माझा धंदा आहे म्हणून नाही म्हणत, खरं तेच म्हणतो.

गणिती_मावशी | १७ जून, सकाळी १०:३०

बेसा_रोडवाला, तुमचं त्रैराशिक का बसत नाही याचं उत्तर १९६९ सालीच दिलेलं आहे आणि ते अकरावीच्या पोराला कळेल इतकं साधं आहे. मी आयुष्यभर स्टॅटिस्टिक्स शिकवलं, धरमपेठेतून पुण्याला लेकीकडे आले आणि आता इथे असले धागे शोधत बसते, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

रिचर्ड लेव्हिन्स नावाचे अमेरिकन गणिती-जीवशास्त्रज्ञ होते, काही काळ पोर्तो रिकोत शेती केलेला माणूस. त्यांच्यापुढचा प्रश्न शेतातल्या किडीचा होता: कीड एका शेतातून मरते, दुसऱ्या शेतात निघते, तर मग ती पूर्ण प्रदेशातून कधी जाईल? त्यांनी एकेका शेतात किती किडे आहेत हे मोजणंच सोडून दिलं. शेताला दोनच अवस्था ठेवल्या, भरलेलं किंवा रिकामं. तुमच्या सासऱ्यांनी पेन्सिलने अगदी हेच केलंय हो, बोलतो की गप्प.

आता भरलेल्या प्लॉटांचा हिस्सा म्हणू प (० ते १ च्या मधे). भरलेला प्लॉट वर्षभरात रिकामा होण्याचा दर न, नाशातला न. भरलेल्या प्लॉटातून बेडूक उठून दुसरीकडे वसण्याचा दर व. मग

प मधला बदल = व × प × (१ − प) − न × प

यातली गंमत प × (१ − प) या गुणाकारात आहे. नवीन प्लॉट भरायला दोन गोष्टी लागतात: पाठवणारा भरलेला प्लॉट आणि घेणारा रिकामा प्लॉट. सगळे भरलेले असले तर जायला जागा नाही, सगळे रिकामे असले तर यायला कोणी नाही. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की स्थिर अवस्था, तिथे प = १ − न/व.

म्हणजे काहीही बांधलेलं नसतानासुद्धा न/व एवढे प्लॉट कायम रिकामे. कोणते ते दरवर्षी बदलतं, किती ते बदलत नाही. तुमचं पहिलं कोडं इथे सुटलं, समोरचा प्लॉट दोन वर्षं गप्प बसला म्हणून तो वाया गेला असं नाही, त्याची पाळी होती.

दुसरं कोडं. समजा एकूण प्लॉटांपैकी घ एवढ्या हिश्श्यावर घरं झाली. आता जागा (१ − प) नाही, (१ − घ − प) आहे. मात्र बेडूक आधीसारखेच चारी दिशांना निघतात, त्यांना कोणी नकाशा दिलेला नसतो, जे पार्किंगच्या टाइल्सवर पोचले ते गेले. हिशोब केला की

प = १ − घ − न/व

आता आकडे. हे माझे मनाचे आहेत, तुमच्या लेआऊटचे नाहीत. समजा ४० प्लॉट, न = ०.२, व = ०.६४. न/व झालं ०.३१२५, म्हणजे ४० पैकी साडेबारा प्लॉट.

काहीच बांधलं नाही: साडेसत्तावीस भरलेले, साडेबारा रिकामे.
१० घरं: साडेसतरा भरलेले, साडेबारा रिकामे.
२० घरं: साडेसात भरलेले, साडेबारा रिकामे.

बघा बरं नीट. अर्धे प्लॉट गेले आणि बेडूक साडेसत्तावीसवरून साडेसातवर, पावाच्या जरासे वर. रिकाम्यांचा आकडा मात्र जागचा हलत नाही. सगळी कात्री भरलेल्यांनाच लागते. आणि शेवटचे बारा प्लॉट उरतील, म्हणजे साडेबाराच्या उंबरठ्याखाली जातील, तेव्हा ते बाराच्या बारा चांगले, पाणी असलेले, गवत असलेले असतील, आणि त्यात एकही बेडूक टिकणार नाही.

बेसा_रोडवाला | १७ जून, दुपारी १:१५

मॅडम 🙏 मी हे दोनदा वाचलं आणि मग वहीत करून बघितलं. म्हणजे रिकामा आहे म्हणून "हा काही कामाचा नाही, यावर आधी बांधा" असं म्हणणं चुकीचं? आमच्या सोसायटीच्या मीटिंगमधे मीच असं म्हटलं होतं. जिथे बेडूक बोलतात ते ठेवू, बाकीचे जाऊ दे. मला वाटलं मी लय पर्यावरणवादी बोललो.

गणिती_मावशी | १७ जून, दुपारी १:४०

बहुतेकजण हेच बोलतात. आज गप्प असलेला प्लॉट म्हणजे पुढच्या वर्षीची जागा. भाड्याच्या घरांच्या गल्लीत एकही खोली रिकामी नसली तर कोणाला बदलता येईल का घर?

पुणेकर_तरी_गरीब | १७ जून, दुपारी २:१०

हे करोनाच्या गणितासारखं वाटतंय. तिथेही व/न सारखंच काहीतरी होतं, एक माणूस सरासरी किती जणांना देतो.

गणिती_मावशी | १७ जून, दुपारी २:२५

सारखं नाही, तेच आहे. बेडूक म्हणजे व्हायरस, प्लॉट म्हणजे माणूस, घर बांधणं म्हणजे लस. वरच्या उदाहरणात व/न म्हणजे ३.२. साथ थांबवायला सगळ्यांना लस द्यावी लागत नाही, १ − १/३.२ म्हणजे जवळपास ६९ टक्के पुरतात. तसंच बेडूक संपवायला सगळे प्लॉट बुजवावे लागत नाहीत. साथीत जी आनंदाची बातमी तीच इथे वाईट.

जंगलवेडा_नागपूर | १७ जून, रात्री ९:२०

छान चाललंय पण माझे दोन आक्षेप. मी बरीच वर्षं प्राणीगणनेला मचाणावर बसतोय, बेडकांचं थोडंफार बघतोय.

पहिला, आवाज आला नाही म्हणजे बेडूक नाही असं नसतं. तो मोठा पिवळा होणारा बेडूक (नर पिवळेजर्द होतात पहिल्या पावसात, बघितले नसतील तर टॉर्च घेऊन जा) उन्हाळाभर जमिनीत गाडून घेऊन बसतो. पाऊस नीट झाला नाही तर त्या वर्षी ओरडणार नाही, तुम्ही "रिकामा" लिहाल आणि तो खाली झोपलेला असेल.

दुसरा, लोक लगेच हे समीकरण वाघाला लावतात आणि मग घोळ होतो. वाघाचं एक जंगल भरलं-रिकामं असं होत नाही. ताडोबासारखं जंगल हे भरून वाहणाऱ्या विहिरीसारखं आहे, तिथे जन्म जास्त, पोट्टे मोठे झाले की बाहेर पडतात. आणि काही जागा गळक्या हौदासारख्या, वाघ दिसतो, सगळे म्हणतात वाघ वाढले, पण तिथे जन्मतात त्यापेक्षा जास्त मरतात, वरून पाणी येतं म्हणून हौद भरलेला दिसतो. पुलियम म्हणून शास्त्रज्ञाने १९८८ मधे हे नीट मांडलं होतं. तेव्हा नुसते दिसलेले वाघ मोजून जागा चांगली की वाईट ते ठरवू नये.

तर्रीपोहा | १७ जून, रात्री १०:०२

भाऊ तो जय वाघ पण असाच ना? नागझिऱ्यातून चालत उमरेड-कऱ्हांडल्याले आला होता

जंगलवेडा_नागपूर | १७ जून, रात्री १०:३०

हो, २०१३ मधे. शंभरावर किलोमीटर, मधे शेतं, रस्ते, गावं. तो आला आणि कऱ्हांडल्याला गाड्यांची रांग लागली, २०१६ मधे दिसेनासा झाला तो झालाच. आणि टिपेश्वरचा तो रेडिओ कॉलरवाला वाघ, २०१९ मधे निघाला, तेलंगणात जाऊन आला, शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला, हजारावर किलोमीटर चालला बिचारा आणि तिथे दुसरा वाघच नाही. गणितात याला काय म्हणता, वसाहत झाली का? एकटा नर पोचला तर तुमचा प्लॉट भरला का?

गणिती_मावशी | १८ जून, सकाळी ७:५०

नाही झाली. चांगला प्रश्न आहे. समीकरणात "पोचला" आणि "वसला" यात फरक नाही, प्रत्यक्षात आहे. संख्या फार कमी झाली की जोडीदार सापडत नाही आणि वाढीचा दरच पडतो, शिकागोच्या ॲली यांच्या नावाने ॲली परिणाम म्हणतात. तो घातला तर एक उंबरठा येतो: त्याच्या खाली गेलात की जागा चांगली असूनही वर येता येत नाही.

एमएस्सी_पार्ट_टू | १८ जून, दुपारी १२:१५

मावशी मी इथे नागपुरातच मॅथ्सला आहे, आम्हाला पीडीईमधे (आंशिक विकलक समीकरणं) क्रिटिकल पॅच साइज होतं, म्हणजे जीव टिकायला तुकडा कमीत कमी केवढा हवा ते, स्केलमचा १९५१ चा पेपर म्हणून सरांनी सांगितलेलं, एल = पाय गुणिले वर्गमूळात (डी भागिले आर), ते परीक्षेसाठी पाठ केलं पण ते यात कुठे बसतं ते कधी कळलं नाही. इथे तर प्लॉट भरलेला किंवा रिकामा, तिथे प्लॉटच्या आतलं होतं ना?

गणिती_मावशी | १८ जून, दुपारी १२:५५

बरोबर पकडलंस बाळा. लेव्हिन्स प्लॉटच्या बाहेरून बघतात, ते सूत्र आतून बघतं. प्लॉटमधे जीव आर दराने वाढतात आणि डी वेगाने इकडेतिकडे भटकतात, जो हद्दीबाहेर गेला तो मेला. आता कढईतलं दूध आठव. खालून आच आहे, कडेने गार होतं. कढई मोठी असेल तर आच जिंकते, एवढीशी वाटी असेल तर कड जिंकते. पॅच छोटा म्हणजे कडच जास्त.

आणि सूत्रात वर्गमूळ आहे तिकडे लक्ष दे. अर्ध्या लांबीच्या तुकड्यात टिकायचं तर आर दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतो. जंगलाचा लांबट, चिंधीसारखा तुकडा नकाशावर हेक्टरात मोठा दिसतो पण त्याची रुंदीच क्रिटिकलच्या खाली असते, तिथे हेक्टर काय कामाचे. परीक्षेत हे विचारत नाहीत.

लेआऊटदादा | १८ जून, दुपारी ३:३०

एवढं शिकलेले लोक बेडकांसाठी. माझा प्रश्न तसाच आहे. डेंगू झाला तर समीकरण येणार का दवाखान्यात?

जंगलवेडा_नागपूर | १८ जून, दुपारी ४:४५

दादा, प्रश्न रास्त आहे, उत्तर देतो. डेंगूचा एडिस डास भांड्यातल्या, डब्यातल्या, टायरातल्या पाण्यात वाढतो. आणि नागपुरात सगळ्यात मोठं भांडं कोणतं? जून संपला तरी खिडकीला लटकलेला, टाकीत पाणी तसंच असलेला कूलर. आधी तो कोरडा करा. मातीच्या डबक्यात दुसरे डास होतात हे खरं, मी नाही म्हणत नाही. पिवळ्या बेडकाची पिल्लं मांसाहारी असतात, डासाच्या अळ्या खातात, एकमेकांना पण खातात. म्हणून डबकं म्हणजे डासमुक्ती असं मी कुठे लिहून देणार नाही, तेवढा भोळा नाही मी.

लेआऊटदादा | १८ जून, संध्या ५:१०

कूलरचं बरोबर आहे. आमच्या ऑफिसच्या कूलरमधे पाणी आहे अजून. काढायला सांगतो.

तर्रीपोहा | १९ जून, रात्री १२:३०

आज ऑफिसात काम नव्हतं (होतं, पण नाही केलं) तर मी मावशींचं समीकरण कॉम्प्युटरवर पायथन प्रोग्राममधे टाकलं. आकडे त्यांचेच. मले एकच बघायचं होतं का २८ घरं झाली, १२ प्लॉट उरले, तर बेडूक जाते कधी. कारण उंबरठा साडेबाराचा आहे अन् १२ त्याच्या खाली आहे, म्हणजे जाणार तं नक्की.

सुरुवातीले समजा बाराच्या बारा भरलेले आहेत. दहा वर्षांनी उरले सुमारे चार. वीस वर्षांनी सव्वादोन. बे ही काय मरायची स्पीड आहे! मले वाटलं धाडकन जातील, हे तं पेशंट आयसीयूत वर्षानुवर्षं. कोणी विसाव्या वर्षी येऊन म्हणलं का "आहेत की बेडूक, काल रात्रीच ऐकले", तं तो खोटं नाही बोलून राहिला.

गणिती_मावशी | १९ जून, सकाळी ८:१५

शाब्बास. उंबरठ्याच्या अगदी जवळ सगळंच संथ होतं, आणि याच संथपणामुळे लोक फसतात. टिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मधे याला कर्जाचं नाव दिलं, मी वर्गात उधारी म्हणायचे. जंगल आज तोडलं, प्राणी आज मेले नाहीत, वहीत मांडून ठेवले. वसुली नंतर. त्यांच्या मॉडेलमधली जास्त बोचरी गोष्ट ही की आधी जातात त्या दुबळ्या जाती नसतात, एकेका जागेत सगळ्यांना हरवणाऱ्या पण पसरायला आळशी अशा दादा जाती आधी जातात. उडाणटप्पू तण टिकतं.

आता फासे टाकून बघ. तुझं समीकरण शून्याला कधीच शिवणार नाही, सव्वादोन प्लॉट असं काही नसतं. प्रत्येक प्लॉटला वेगळा फासा दे.

तर्रीपोहा | १९ जून, रात्री ११:१०

टाकले फासे. अन् मावशी आता झोप उडाली. तेच आकडे, तेच १२ प्लॉट, दर वेळी वेगळं उत्तर. एकदा पंधरा वर्षांच्या आत साफ, एकदा चाळीस झाले तरी एक-दोन लटकून. मग २० प्लॉट उरलेले घेतले, जिथं समीकरण म्हणते साडेसात टिकतील कायमचे, तिथंही एखाद्या वेळी लागोपाठ वाईट फासे पडले अन् सगळे गेले. एकदा शून्य झालं का शून्यच, बाहेरून यायले कोणी नाही.

मग म्हणलं आता नकाशाच घालू. चौकोनी खाचांचं ग्रीड, लेआऊटसारखंच, बेडूक फक्त शेजारच्या चार चौकटींत जाऊ शकते. कुठंही रँडम घरं टाकत गेलो. मोकळे चौकोन ५९ टक्क्यांच्या खाली आले अन् या टोकापासून त्या टोकाले जायची वाटच तुटली. साठाच्या वर असताना एक भलामोठा सलग तुकडा होता, मग दोन-चार टक्क्यांत सगळं ठिगळं ठिगळं. हे काहून? ५९ कुठून आला?

एमएस्सी_पार्ट_टू | १९ जून, रात्री ११:३५

हे मला माहितीये!! परकोलेशन थ्रेशोल्ड, म्हणजे सलग वाट तुटायचा उंबरठा, चौकोनी ग्रीडला ०.५९२७. चार ऐवजी आठ शेजारी दिले (तिरपे पण) तर ०.४०७ वर येतो. दोन्ही मिळून बरोबर १, गंमत आहे ना, कारण एकाचे मोकळे चौकोन चारने जोडले जात नाहीत तेव्हा दुसऱ्याचे बुजलेले आठने जोडले गेलेले असतात.

तर्रीपोहा | १९ जून, रात्री ११:५२

पोट्ट्या तू पास होशील.

अजून एक, घरं रँडम न टाकता एका बाजूने सलग भरत आणली तं तेवढ्याच घरांत बेडूक खूप जास्त टिकले. इकडे एक तिकडे एक बांधलं का वाट लागते. आता आपल्याकडे कसं बांधतात ते सांगायले नको, जिसकी रजिस्ट्री उसका घर.

जंगलवेडा_नागपूर | २० जून, सकाळी ९:००

म्हणूनच जोडणी. जबलपूर रोडचं सांगतो, पेंचमधून जाणारा एनएच ४४. तिथे महाराष्ट्राच्या बाजूला नऊ ठिकाणी रस्ता वर उचलून खालून जनावरांना वाट ठेवली, काही ५० मीटर रुंद, सगळ्यात मोठी ७५० मीटर. २०१९ मधे भारतीय वन्यजीव संस्थेने कॅमेरे लावले तर वाघ, रानकुत्रे, चितळ, १८ जातींचे प्राणी खालून जाताना आले. तुमच्या ग्रीडमधे एक चौकोन परत उघडला तर काय होतं ते करून बघा ना.

तर्रीपोहा | २० जून, सकाळी ९:४०

केलं लगेच. कुठला उघडता त्याच्यावर आहे. बहुतेक चौकोन उघडून ढिम्म फरक पडत नाही. पण दोन मोठे तुकडे ज्या एका चौकोनाने तुटलेले तो उघडला तं जादू. कोणता ते डोळ्याने नाही कळत, मोजाच लागते.

पुणेकर_तरी_गरीब | २० जून, सकाळी १०:२०

हे सगळं कॉम्प्युटरात ठीक आहे. खऱ्या जगात कोणी तपासलंय का?

गणिती_मावशी | २० जून, सकाळी ११:३०

तपासलंय, आणि सगळ्यात आवडती गोष्ट नागपूरकरांसाठी राखून ठेवली होती. १९५८, कॅलिफोर्निया, हफेकर नावाचा शास्त्रज्ञ. त्याने प्रयोग केला संत्र्यांवर!

सहा ठिपक्यांची कोळी, म्हणजे माइट, जाळं विणणारा मोठा कोळी नव्हे, संत्र्यावर जगते (कळमेश्वर-काटोलच्या बागायतदारांना कोळी काय असते ते सांगायला नको) आणि तिला खाणारी दुसरी शिकारी कोळी. थोडी संत्री जवळजवळ ठेवली की शिकारी सगळ्यांना खाऊन टाकायची आणि मग स्वतः उपाशी मरायची. खेळ खलास. मग त्याने संत्री पसरली, मधे रबरी चेंडू ठेवले, व्हॅसलीनचे बांध घातले म्हणजे शिकारीला सहज चालत जाता येऊ नये, आणि काड्या उभ्या केल्या म्हणजे शिकार होणारीला धाग्यावर तरंगत पुढे निसटता यावं. शेवटच्या मोठ्या प्रयोगात २५२ संत्री होती, आणि तिथे दोघी वर-खाली होत तीन फेरे टिकल्या. एकाही संत्र्यावर शांतता नव्हती, प्रत्येकावर कत्तल, पण सगळी मिळून चालू. तुटकपणा नेहमी वाईट नसतो हेही त्यात आलं, किती आणि कोणासाठी ते बघावं लागतं.

आणि फिनलंडचे हान्स्की. ऑलंड बेटांवर सुमारे चार हजार छोटी कुरणं, त्यात एक फुलपाखरू, ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी. १९९० च्या दशकापासून दर शरदात पोरं कुरण न् कुरण फिरून अळ्यांची जाळी मोजतात, आणि दर वर्षी काही कुरणं विझतात, काही पेटतात. हान्स्कींनी लेव्हिन्सचं समीकरण खऱ्या नकाशावर बसवलं: मोठं कुरण कमी विझतं, आणि रिकामं कुरण भरायची शक्यता म्हणजे आजूबाजूच्या भरलेल्या कुरणांची बेरीज, पण लांबचा वाटा झपाट्याने कमी होत जाणारा. बाबांच्या कॅलेंडरात आणि त्यांच्या वहीत तत्त्वाचा फरक काहीच नाही. हान्स्की २०१६ मधे गेले.

तर्रीपोहा | २० जून, सकाळी ११:४४

संत्र्यावर प्रयोग अन् आपल्याले माहीत नाही!! नागपूरची बदनामी आहे ही

बेसा_रोडवाला | २० जून, रात्री १०:१५

बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. फुलपाखरांचं ऐकून म्हणाले "म्हणजे मी एकटाच नाही तर." मग म्हणाले एक सांग त्यांना, ज्या वर्षी उन्हाळा फार लांबला त्या वर्षी सगळेच प्लॉट एकदम गप्प होते, कॅलेंडर बघ. बघितलं, खरंच जवळजवळ कोरं आहे.

गणिती_मावशी | २१ जून, सकाळी ७:३०

बाबांनी मर्मावर बोट ठेवलं. पूर्ण समीकरण या भरवशावर उभं आहे की प्लॉट वेगवेगळ्या वेळी विझतात. माझ्या उदाहरणात एक प्लॉट विझायची शक्यता ०.२. दोन एकदम विझायची ०.०४, तीन ०.००८, म्हणून पुष्कळ प्लॉट असण्यात सुरक्षितता. पण सगळ्यांवर एकच ऊन पडलं तर चाळीस प्लॉट म्हणजे चाळीस नाहीत, एकच मोठा प्लॉट. मोरान यांनी १९५३ मधे कॅनडातल्या लिंक्स या रानमांजरांचे आकडे घेऊन हेच दाखवलं होतं, लांब लांबच्या टोळ्या एकाच हवामानामुळे एकदम वर-खाली होतात. त्यावर उपाय म्हणजे प्लॉट वेगवेगळ्या जातीचे हवेत. एखादा खोल, नाल्याकाठचा, जो वाईट वर्षीही ओला राहतो, तो दहा उथळांच्या बरोबरीचा.

बेसा_रोडवाला | २१ जून, सकाळी ८:०५

नाल्याच्या कडेचा एक आहे. त्या कोऱ्या वर्षात एकच खूण आहे ती त्याचीच. दादा, तो विकला गेलाय का हो?

लेआऊटदादा | २१ जून, सकाळी ९:५०

नाल्याला लागून आहे तो? त्याला कोणी घेत नाही, पाणी शिरतं. आहे तसाच राहील, काळजी नको.

एमएस्सी_पार्ट_टू | २१ जून, दुपारी २:००

मावशी मला प्रोजेक्टला हे घेता येईल का? बाबांच्या कॅलेंडरातून न आणि व कसे काढायचे?

गणिती_मावशी | २१ जून, दुपारी ३:२०

लागोपाठची दोन वर्षं घे. समजा पहिल्या वर्षी २५ बोलके, १५ गप्प. दुसऱ्या वर्षी त्या २५ पैकी ५ गप्प झाले: न = ५/२५ = ०.२. त्या १५ पैकी ६ बोलायला लागले: ६/१५ = ०.४, पण हे नुसतं व नाही, हे व × प आहे, आणि प = २५/४० = ०.६२५, म्हणून व = ०.४/०.६२५ = ०.६४. माझे आकडे कुठून आले ते कळलं ना आता. अशा जोड्या सगळ्या वर्षांच्या घे, एकाच जोडीवर विसंबू नकोस.

पण जंगलवेडा यांचा पहिला आक्षेप विसरू नको. बेडूक असून ऐकू आला नाही तर तू त्याला खोटंच मारतोस आणि पुढच्या वर्षी खोटंच वसवतोस, न आणि व दोन्ही फुगतात. म्हणून एकाच पावसाळ्यात प्रत्येक प्लॉटला तीनदा जायचं. समजा एका फेरीत ऐकू यायची शक्यता ०.६ असेल तर तीनदा चुकायची ०.४ चा घन, ०.०६४. एका फेरीत शंभरात चाळीस चुका, तीन फेऱ्यांत सहा-सात. आणि ते ०.६ सुद्धा आपल्याला त्या तीन फेऱ्यांच्या हो-नाही वरूनच काढता येतं, वेगळं मोजायला नको.

एमएस्सी_पार्ट_टू | २१ जून, दुपारी ३:४१

मी येतो. सर चालेल का?

बेसा_रोडवाला | २१ जून, संध्या ६:३०

चालेल काय, पळेल. शनिवारी रात्री पाऊस असला तर ९ वाजता बेसा चौकात, तिथून मी घेतो. बाबा गॅलरीतूनच लिहितील, म्हणाले तुमची यादी अन् माझी यादी शेवटी जुळवू, बघू कोणाचे कान चांगले.

जंगलवेडा_नागपूर | २१ जून, संध्या ६:५५

गमबूट घाला सगळ्यांनी, चपलांवर कोणी येऊ नका. बेडूक ऐकायला आपण एकटेच जात नाही, सापपण जातात.

तर्रीपोहा | २१ जून, संध्या ७:०२

मी टॉर्च आणतो. अन् परत येताना पोहे कोण खाऊ घालते ते आधी ठरवा.